कोरडी जागा

नवी दिल्ली,
१९ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप मामांना गौतमीचा नमस्कार.

काल मामीशी फोनवर बोलत होते तेव्हा मागून तुमचा आवाज येत होता, "काय म्हनती? लगीन हाय का कुनाचं?" लग्न कुणाचंही नाही, मामा. एवढी वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसून तुमचे कान गेले, त्यामुळे तुम्हाला बातमी सांगायची म्हणजे पत्रच लिहायला हवं. आणि मला ते आवडतं. दिवसभर ऑफिसात इंग्रजीत लिहिते. तुम्हाला लिहायला बसलं की हात सैल होतो.

बातमी अशी. जुन्या मूर्ती, पोथ्या, लाकडी छतं, कापडं कशानं खराब होतात आणि ती टिकवायची कशी, हे माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. वस्तूला धक्का न लावता तिच्या आत काय बिघडलंय ते दाखवणारी यंत्रं असतात. ती फार महाग. एकट्यादुकट्या संग्रहालयाला परवडत नाहीत, आणि घेतलीच तर चालवणारं माणूस मिळत नाही. म्हणून आता देशात काही सामायिक केंद्रं उभी करायचा बेत आहे. कुठल्याही संग्रहालयानं, देवळानं, दर्ग्यानं, ग्रंथालयानं आपली वस्तू तिथं आणावी, तपासून, दुरुस्त करून परत न्यावी. मामीच्या गुडघ्याचा फोटो काढायला आपण पुण्याला गेलो होतो ना, तसंच. गावोगाव यंत्र नसलं तरी चालतं, पण कुठंतरी ते सगळ्यांचं म्हणून असावं लागतं.

याचा आराखडा करणाऱ्या गटात मला घेतलंय. हवामानाची बाजू मी बघायची. पश्चिमेकडच्या केंद्रासाठी ज्या जागांचा विचार चाललाय, त्यात आपल्या मुळशी तालुक्याचंही नाव आहे. मालेजवळची सरकारी जमीन. पण हे इतक्यात गावात बोलू नका.

मामीला म्हणावं, थंडीत गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
गौतमी

---

माले,
१० डिसेंबर २०२३

चि. गौतमीला कोंडिबामामाचा आशीर्वाद.

तुजं पत्र आलं. मामीला वाचून दाखवलं, मग तिनं म्होरल्या घरी नेऊन वाचून घेतलं, कारन माज्या वाचन्यावर तिचा इश्वास न्हाई. तुजी आई असती तर आज पेढं वाटत फिरली असती. माजी बहीन लई हौशी.

तू म्हनलीस गावात बोलू नका. म्या न्हाई बोललो. फकस्त पौडला हाफीजच्या दुकानात गेलो व्हतो, त्याच्या कानात सांगितलं. आता मला माजाच आवाज आयकू येत न्हाई, त्यात माजा काय दोष? दुकानात गिऱ्हाईक व्हतं, पुडं स्टँड हाय, गाडीची वाट बघनारी मानसं व्हती. हाफीज तोंडावर बोट ठेवून खुनवत व्हता. मला वाटलं, त्याला तंबाकू पायजे. सकाळी सरपंच घरी हजर.

आता सगळ्या गावाला ठाऊक हाय आन सगळं गाव खूश हाय. आमचा शेखर वरच्या माळाची जमीन बंगलेवाल्याला देनार व्हता. तुला म्हाईत हाय, मला ते पटत नव्हतं, पन त्याला तरी काय म्हनू, भाताच्या शेतीवर कुनाचं भागतंय? तर त्यानं बंगलेवाल्याला न्हाई म्हनून सांगितलं. म्हनतो, ताईचं हापीस हितं आलं की मोठमोठी मानसं येतील, त्यांला ऱ्हायला खोल्या लागतील, मीच बांधीन. लई दिसांनी पोरगं हसून बोलतंय.

तू आमच्यासाटी यवढं केलंस. परकी झाली न्हाईस, यवढंच म्हनतो.

तुजा,
कोंडिबामामा

---

नवी दिल्ली,
४ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप मामा,

तुमचं कानातलं बोलणं वाचून मी इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरची अपेक्षा उठून आली. ती माझ्याच गटात आहे. तिला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "ह्या माणसाला एकदा भेटलंच पाहिजे."

पण शेखरला समजावून सांगा. मुळशीचं नाव मी घातलेलं नाही. पुण्याजवळची जागा म्हणून ते आपोआप आलं. ठरलेलं काहीच नाही, आणि कुठंही ठरलं तरी त्याला वर्षं लागतात. माझ्या भरवशावर त्याने कुणाला होय किंवा नाही म्हणू नये. मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "तू काळजी करू नको ताई, मला सगळं कळतं." तो असं म्हणाला की मला जास्तच काळजी वाटते.

सगळ्या जागांची माहिती गोळा करायची आहे. तुम्ही इतकी वर्षं त्या रस्त्यानं गाडी चालवलीत म्हणून तुम्हालाच विचारते. पावसात ताम्हिणीचा घाट कितीदा बंद पडतो? गावातली लाइट गेली की केव्हा येते? घरात कपडे वाळतात का? जे असेल ते लिहा. जुलैमध्ये मी स्वतः येईन, मोजायची साधनं घेऊन.

तुमची,
गौतमी

---

माले,
३ मार्च २०२४

चि. गौतमीला आशीर्वाद.

तू इचारलंस ते लिवतो. पान्याची काळजीच करू नगंस. तुमच्या त्या हापिसाला किती बी पानी लागू दे, हितं देवाची कृपा हाय. आषाढात तीन हात अंतरावरचा मानूस दिसत न्हाई यवढा पडतो. ताम्हिनीला तर इचारूच नगं. मी गाडी चालवायचो तवा पुडचा रस्ता दिसायचा न्हाई, नुसता अंदाज. दरड तर दर साली येतीच, पन दोन दिसात काडत्यात.

लाइट जाती. पाऊस लागून धरला की जाती ती पाऊस थांबल्यावर येती. पन आमाला सवय हाय.

कपडं चुलीवर वाळवतो. धुराचा वास येतो, त्यो तुला लहानपनी आवडायचा. भिंतीला बुरशी येती, ती दसऱ्याला चुना मारला की जाती. माज्या चामड्याच्या चपलेवर गेल्या साली पांढरी लव आली व्हती. मामी म्हनली, तुमच्या चपलेला म्हातारपन आलं.

अशी थंडगार जागा साऱ्या म्हाराष्ट्रात गावायची न्हाई. हे तू तुज्या सायबास्नी सांग. काय राहिलं असलं तर आनखी लिवीन.

तुजा,
मामा

---

नवी दिल्ली,
२९ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मामा,

हे पत्र लिहायला फार वेळ लावला. जुलैमध्ये आले होते तेव्हाच समोर बसून सांगायला हवं होतं. पण मी पोचायच्या आधीच तुम्ही शाळेत कार्यक्रम ठरवला होता. सरपंचांनी शाल घातली, मामीनं ओवाळलं. आणि मी आदल्या संध्याकाळपासून त्या जमिनीवर लावलेली साधनं बघत होते, तेव्हा मला सगळं कळून चुकलं होतं. जेवताना तुम्ही विचारलंत, "गप का गं?" मी म्हणाले, प्रवासानं दमले.

केंद्र मुळशीत होणार नाही, मामा. ते माणदेशात होणार आहे, दहिवडीच्या पुढं एका माळावर.

दुसऱ्या कुणाकडून ऐकाल त्यापेक्षा मीच सांगते. हे माझ्या बोलण्यावरून ठरलं. बैठकीत बरेचजण मुळशीच्या बाजूनं होते. पुणं जवळ, विमानतळ जवळ, निसर्ग सुंदर. मी उठून म्हणाले, इथं नको. आमचे अध्यक्ष चकित झाले. म्हणाले, "तुमचंच गाव आहे ना?" मी म्हणाले, "म्हणूनच मला माहीत आहे."

तुमच्या चपलेवर लव येते त्यात फक्त हसण्यासारखं आहे. पण कुठल्या तरी मठातली तीनशे वर्षांची पोथी आमच्याकडं दुरुस्तीला आली आणि तिच्यावर लव आली, तर ती पुन्हा लिहिता येत नाही. हवा कोरडी ठेवणारी यंत्रं बसवता येतात, पण लाइट गेली की तीही बंद. जनरेटर लावावा तर डिझेलची गाडी दरडीपलीकडं अडकलेली. लोक विश्वासानं आपली वस्तू आणून देणार. त्यांना आम्ही ती ओली परत द्यायची का?

एवढं सगळं पटवून मी खाली बसले आणि मग मला शेखरचा माळ आठवला. त्याला फोन केला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. ठेवतो." त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही.

गणपतीला येणार होते. आता कुठल्या तोंडानं येऊ, ते तुम्हीच सांगा.

गौतमी

---

मुक्काम दहिवडीच्या पुढं,
१८ सप्टेंबर २०२४

चि. गौतमीला मामाचा आशीर्वाद.

वरचा पत्ता वाचून दचकू नगंस. म्या तुज्या माळावरच बसून लिवतोय.

तुजं पत्र वाचलं तवा मला राग आला व्हता. खोटं कशाला बोलू. शेखर तर भाकरी टाकून उटला. म्हनला, "घरच्याच मानसानं तोंडातला घास काडला." मामी तुजी बाजू घीत व्हती, मी कुनाचीच घीत नव्हतो. मग वाटलं, ज्या जागंनं आपल्याला हरवलं ती बगावी तरी. एसटीत म्हाताऱ्यांला फुकाट सोडत्यात. गौरी-गनपती झालं, पिशवी घेतली आन निगालो. घरी सांगितलं असतं तर कुनी सोडलं नसतं.

फलटनच्या पुडं आलो तशी हवाच बदलली. आपल्याकडं भाद्रपदात सारं हिरवंगार, हितं नुसता फुफाटा. फाट्यावर उतरून चालत आलो तर गुडघं दुकलं न्हाईत. हितं रंभाबाई म्हनून एक म्हातारी हाय. माळाच्या कडंला तिचं घर, दोन शेरडं. तिला म्हनलं, माजी भाची हितं हापीस आनतीय, ते बगाया आलोय. तिनं पाटीवर लिवायची खूण केली. तिच्या नातीची पाटी व्हती, तिच्यावर आमचं बोलनं झालं. मी तोंडानं, ती खडूनं.

माजा पंचा धुऊन वाळत घातला. च्या पिऊन उटलो तवर वाळून कडक. माल्यात त्योच पंचा चार दिस दोरीवर लोंबत व्हता.

रंभाबाईनं पाटीवर लिवलं, तुमच्याकडं पाऊस कसा असतो? मी सांगत बसलो. धबधबं, ताम्हिनीचं धुकं, कौलावरचा आवाज, जो आता मला आयकू येत न्हाई. ती आन तिची सून दोगी आयकत व्हत्या, गोष्ट सांगावी तशा. समदं सांगून झाल्यावर मी म्हनलं, आमच्याकडं यवढं पानी, तरी हापीस तुमाला मिळालं. तिनं पाटी पुसून घेतली. मग लिवलं, "पाऊस येत न्हाई म्हनून आमाला कुनी काय दिलं, असं आजवर घडलं न्हवतं."

मग मला तुज्यावर रागावता यीना, पोरी. तू बरुबर केलंस.

उद्या सकाळच्या गाडीनं निगतो. मामीला कळवू नगंस, उगं घोर लावून घील.

तुजा,
कोंडिबामामा

---

नवी दिल्ली,
२७ सप्टेंबर २०२४

मामा, मामा, मामा,

घोर लावून घेईल म्हणे! तुमचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तुम्ही घरी पोचून चार दिवस झाले होते. त्याआधी इकडं काय झालं ते ऐका. मामी फोनवर नुसती रडत होती. तुम्ही मोबाइल खुंटीवर टांगून गेला होतात. हाफीजचाचांनी दुकान बंद करून स्टँडवर प्रत्येक कंडक्टरला तुमचं वर्णन सांगितलं. शेखर धरणाच्या कडेनं हाका मारत फिरला. ऐकू न येणाऱ्या माणसाला हाका मारत फिरायचं म्हणजे काय, हे तुम्हाला कळतं का?

त्याने मला फोन केला. फोन उचलला तर नुसतं म्हणाला, "म्हातारा तुझ्याकडं आलाय का?" मी नाही म्हटल्यावर त्याच्या घशातून जो आवाज आला, तो मी विसरणार नाही. आमचं भांडण आहे हे आम्ही दोघंही विसरून गेलो. तुम्ही दारात दिसल्यावर त्याने मला एक शब्द मेसेज केला, "आला." आणि परत माझा फोन उचलणं बंद.

पुन्हा असं केलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. म्हणजे लिहिणार नाही.

आता रागावून झालं. रंभाबाईंचं वाक्य मी बैठकीत वाचून दाखवलं. इतके महिने आम्ही तापमान, आर्द्रता, वीजपुरवठा असंच बोलत होतो. अपेक्षानं डोळे पुसले आणि मग पंच्याची गोष्ट पुन्हा वाचायला लावली.

तुम्ही बरोबर म्हणालात म्हणून मला झोप लागली. पण शेखरचं मी काय करू?

तुमची,
गौतमी

---

माले,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. गौतमीला आशीर्वाद.

शेखरचं तू काय करू नगंस. त्यो माज्यावर गेलाय, आतल्या आत शिजत ऱ्हातो. बंगलेवाल्यानं दुसरीकडं जागा घेतली. माळ तसाच पडून हाय. त्यो रोज सांच्याला तितं जाऊन हुबा ऱ्हातो. मी लांबनं बगतो.

ग्रामसभेत म्या माणदेशाचं सांगितलं. एकजन म्हनला, "भाचीची बाजू घेतोय म्हातारा." मी म्हनलं, व्हय, घेतोय, पन पंचा बी खरा हाय. लोक हसलं. हसलं म्हंजी निम्मा राग गेला.

दिवाळीला तुजी वाट बगितली. मामीनं तुज्या वाटच्या करंज्या डब्यात ठेवल्या व्हत्या. हितली हवा तुला ठाऊक हाय, मऊ पडल्या, मग मीच खाल्ल्या.

तुजा,
मामा

---

नवी दिल्ली,
२३ मार्च २०२५

तीर्थरूप मामा,

एक गोष्ट कळवते आहे. कळवते आहे एवढंच. मागत नाही आणि देतही नाही.

आमच्या आराखड्यात मोठ्या केंद्रांशिवाय काही लहान ठाणी आहेत. उघड्यावर मांडण्या उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर लाकूड, दगड, चुन्याचा गिलावा, लोखंड, रंगवलेलं कापड यांचे तुकडे लावून ठेवायचे. ऊन, वारा, पाऊस त्यांचं काय करतो ते वर्षानुवर्षं बघत राहायचं. कोकणात, घाटमाथ्यावर, केरळात कितीतरी देवळं पावसातच उभी आहेत. त्यांची लाकडं कशानं टिकतील, हे माणदेशातल्या कोरड्या खोलीत बसून कळणार नाही. एक ठाणं समुद्राकाठी, एक वाळवंटात, एक बर्फात आणि एक घाटातल्या पावसात हवं आहे.

जागा निवडायच्या वेळी मी खोलीबाहेर गेले. माझं गाव आहे, म्हणून मी मत द्यायचं नाही असं मीच सांगितलं होतं. बाहेर येऊन अपेक्षा म्हणाली, "आम्ही तुझीच आकडेवारी वाचली. मालेइतका वाईट पाऊस दुसरीकडं नाही." तुमच्या गावाची एवढी स्तुती आजवर कुणी केली नसेल.

ही अगदी लहान गोष्ट आहे. इमारत नाही, मोठी माणसं नाहीत, खोल्या भाड्यानं जाणार नाहीत. एका माणसाचं काम निघेल. अपेक्षा एप्रिलमध्ये येऊन गावाला विचारेल. गाव नाही म्हणालं तर ती पुढं जाईल. मी तिच्याबरोबर येणार नाही. माझ्या भिडेखातर कुणी होय म्हणू नये, शेखरनं तर नाहीच.

तुमची,
गौतमी

---

माले,
१४ ऑगस्ट २०२५

ताई,

मी कधी पत्र लिहिलेलं नाही. वडील म्हणाले, फोनवर तू भांडशील, लिही. म्हणून लिहितोय.

अपेक्षा मॅडम आल्या तेव्हा मीच पहिला उठलो होतो मीटिंगमध्ये. म्हटलं, एकदा आशा लावलीत तेवढं पुरे. मॅडम म्हणाल्या, "आशा लावायला आलेलेच नाही. पावसाला काही आडवं येणार नाही अशी उघडी जागा बघायला आलेय. आहे का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. तसा उघडा माळ गावात माझाच आहे. सकाळी त्या स्वतः वर आल्या, छत्री उलटी झाली तरी उभ्या राहिल्या. वळवाचाच पाऊस होता, पण वारा जोरात होता. मला म्हणाल्या, "शेखर, ही जागा फार बेकार आहे. मला अशीच पाहिजे." मला हसू आलं.

मग दिली जागा. पाच वर्षांच्या करारानं, विकलेली नाही. एका कोपऱ्यात मांडण्या, बाकी माळ माझा.

बघायचं काम पण मलाच दिलंय. दर सोमवारी फोटो काढायचे, तुकडे हात न लावता तपासायचे. जूनमध्ये वाटलं, ह्यात काय बघायचं. आता सोमवारची वाट बघतो. सागवान नुसतं काळवंडलंय, आंबा फुगला, कडेनं उकलायला लागलाय. लोखंडाचं तर विचारूच नको. चुन्याच्या गिलाव्याचा एक तुकडा, ज्यात मॅडमनी काहीतरी डिंक घातलाय, तो अजून गुळगुळीत. त्याला मी मनातल्या मनात पैज लावलीय. वडील सोबत येतात. काठीनं एकेक तुकडा दाखवतात आणि ओरडतात, "ह्यो कोकनातला, ह्यो केरळातला." सगळ्या मुळशीला ऐकू जातं.

परवा ताम्हिणी चढून आलेली कोकणातली माणसं गाडी थांबवून वर आली. विचारलं, हे काय आहे? त्यांच्या गावच्या देवळाचे खांब सडतायत. मी त्यांना सगळं दाखवलं. जाताना ती माणसं मांडणीला नमस्कार करून गेली. मला एकदम काहीतरी झालं. तुझ्या कामात काय असतं ते त्या वेळी कळलं, असं समज.

पण तुझ्यावरचा राग गेला असं समजू नको. तू गेल्या वर्षी जुलैत आली होतीस तेव्हा माझ्या शेजारी बसून जेवलीस आणि मला सांगितलं नाहीस. इमारत गेली ते मला पटलंय. हे अजून पटलेलं नाही.

तुझी राखी पोचली. पोस्टाची पिशवी भिजली होती, लिफाफ्याचा लगदा झालेला. राखीचा लाल रंग उतरून कागदभर पसरलेला. पक्का रंग नव्हता. तू एवढी रंगांची तज्ज्ञ, दुकानात बघून घ्यायला काय झालं होतं? आई म्हणाली, ही टाक, दुसरी आणू. मी तीच बांधून घेतली. पावसात माळावर गेलो, तर उरलेला रंग मनगटाला लागला. अजून जात नाही. मी पण घासत नाही.

यंदा भाऊबीजेला ये. आलीस की आधी भांडायचं, मग ओवाळायचं.

तुझा भाऊ,
शेखर